मोबाइल हिसकावला? ‘हरवला’ लिहून देऊ नका

लोकलच्या दारातून किंवा बाइकवरून येऊन कुणी मोबाइल हिसकावला की पोलीस ठाण्यात बरेचदा सुचवलं जातं, ‘हरवल्याची तक्रार द्या, लवकर काम होईल.’ तिथे ठाम राहा. हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा दखलपात्र (पोलिसांना थेट नोंदवून तपास करता येतो असा) गुन्हा आहे, त्यामुळे एफआयआरच हवा. हरवल्याच्या नोंदीत चोराचा उल्लेखच नसतो, मग त्याचा शोध कोण घेणार?

‘आमची हद्द नाही’ हे उत्तरही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. सही करण्याआधी मजकूर वाचा: ‘हिसकावला’ हा शब्द, वेळ, ठिकाण आणि आयएमईआय क्रमांक (मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक, खोक्यावर असतो) त्यात आहे ना? प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

तरीही नकार मिळाला, तर हीच हकीकत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस आयुक्तालयाला) रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायची वेळ आली तर ती लागेल.