इमोजीऐवजी चौकोन दिसतोय? आधी हे तपासा

सोसायटीची पाणीकपातीची नोटीस असो की गणेशोत्सव मंडळाचा कार्यक्रम, मुंबईत आज मजकूर दोन ठिकाणी जातो: व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि छापायला. सेक्रेटरी तो आधी कॉम्प्युटरवर नोटपॅडसारख्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उतरवतात, फोनवरून आलेल्या ओळी त्यात चिकटवतात. मग पणतीच्या जागी चौकोन, नमस्काराच्या शेजारी तपकिरी ठिपका, तिरंग्याच्या जागी दोन रोमन अक्षरं असं काहीबाही दिसायला लागतं. लगेच कोणीतरी सांगतं, नवा फॉन्ट टाक. त्याची घाई करू नका. चौकोन, प्रश्नचिन्ह आणि अगम्य अक्षरांची रांग हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि फॉन्ट त्यातल्या एकालाच उपयोगी पडतो.

सगळ्यात आधी एक पथ्य: फाइल सेव्ह करू नका. तिची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मगच हात लावा.

आता इमोजी जिथे असायला हवा तेवढाच भाग कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवा आणि फोनवर उघडा. फोनवर पणती नीट दिसली तर फाइलमध्ये पणती आहे, फक्त कॉम्प्युटरला ती दाखवता येत नाही. फोनवरही प्रश्नचिन्हच आलं तर इमोजी पुसला गेलेला आहे. ती फाइल कधीतरी ‘एएनएसआय’ या जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत, सेव्ह झाली असणार. त्यात जेमतेम २५६ चिन्हांची जागा असते, उरलेल्यांच्या जागी एडिटर प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होतो. फाइल अजून बंद केली नसेल तर अन-डू करून पाहा. नाहीतर मूळ मेसेज शोधा आणि इमोजी पुन्हा टाका. विंडोजवर विंडोजचं बटण आणि पूर्णविराम एकत्र दाबले की इमोजीची पेटी उघडते, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस.

अगम्य अक्षरं दिसत असतील तर मात्र हायसं वाटू द्या. तिथे बहुतेकदा काहीच हरवलेलं नसतं. यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये मराठीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट (साठवणीचे लहान तुकडे) घेतं, हसऱ्या चेहऱ्यासारखे बहुतेक इमोजी ४. एडिटरने ते बाइट सुटेसुटे वाचले की एका चेहऱ्याची चार विचित्र अक्षरं होतात आणि मराठी मजकुराचंही तेच होतं. उपाय म्हणजे फाइल योग्य एन्कोडिंगने पुन्हा वाचायला लावणं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खालच्या पट्टीत उजवीकडे एन्कोडिंगचं नाव असतं. त्यावर क्लिक करून ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ निवडा, मग यूटीएफ-८. शेजारचं ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ आत्ता नको. नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये एन्कोडिंगच्या मेनूत नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडायचं, ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ नाही. चुकीचं वाचलेलं असताना कन्व्हर्ट करून सेव्ह केलंत तर तो कचरा फाइलमध्ये कायमचा जाऊन बसतो. विंडोजचं साधं नोटपॅड विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. त्याआधीच्या कॉम्प्युटरवर सेव्ह ॲजच्या खिडकीत तळाशी ते हाताने निवडावं लागतं.

उरला चौकोन. हा खरा फॉन्टचा प्रश्न. कन्सोलाससारख्या एडिटरच्या फॉन्टमध्ये रंगीत इमोजी नसतात, तशी देवनागरीही नसते. तुम्हाला मराठी दिसतं कारण विंडोज न विचारता निर्मला यूआयसारख्या दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उसनी आणतं. इमोजीही असेच येतात: विंडोजवर सेगो यूआय इमोजीतून, मॅकवर ॲपल कलर इमोजीतून, लिनक्सवर बहुधा नोटो कलर इमोजीतून.

हसरा चेहरा दिसतो पण पणती, साडी, देऊळ किंवा रिक्षा दिसत नाही, असं असेल तर फॉन्ट जुना आहे. ही चारही चिन्हं २०१९ मध्ये, जगातल्या लिपी आणि चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १२.० आवृत्तीत आली. मुंबईत सायनच्या पुढे रिक्षा येत नाही, तशी ती २०१९ आधीच्या फॉन्टमध्येही येत नाही. इथे विंडोज किंवा मॅक अपडेट करणं हाच मार्ग. ₹ या चिन्हाचीही सुरुवातीला हीच गत होती. आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांनी रेखाटलेलं ते चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, त्याच वर्षी युनिकोड ६.० मध्ये आलं, पण जुन्या मशीनवर अपडेट टाकेपर्यंत लोकांना चौकोनच दिसायचा.

लिनक्सवर एकही इमोजी येत नसेल तर नोटो कलर इमोजीचं पॅकेज टाका आणि एडिटर बंद करून पुन्हा उघडा. व्हिम हा एडिटर वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये शोधू नका, अक्षरं तो ज्यात चालतो ती टर्मिनलची खिडकी दाखवते. व्हीएस कोडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘फॉन्ट फॅमिली’त स्वल्पविराम देऊन इमोजी फॉन्टचं नाव जोडता येतं. ते रोमन लिपीत, अवतरणचिन्हांत लिहायचं आणि यादीच्या शेवटीच ठेवायचं. इमोजी फॉन्टमध्ये ० ते ९ हे इंग्रजी आकडेही असतात. तो पहिला ठेवला की नोटिशीतल्या तारखा आणि फ्लॅट नंबर फताडे, विरळ दिसू लागतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये प्रेफरन्सेसमधलं ‘डायरेक्टराइट’ सुरू करून पाहा. जुन्या नोटपॅडमध्ये इमोजी काळेपांढरेच दिसतात, त्यात बिघाड काही नाही.

तिरंग्याचं वेगळंच आहे. देशांचे झेंडे विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये नाहीतच, म्हणून ‘आय’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं दिसतात. फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःचा फॉन्ट सोबत आणतो म्हणून तिथे झेंडा दिसतो. फाइल ठीक आहे, १५ ऑगस्टचा मेसेज खुशाल पाठवा.

नमस्काराशेजारचा ठिपका म्हणजे त्वचेचा रंग सांगणारं स्वतंत्र चिन्ह. ही चिन्हं २०१५ मध्ये आली आणि जुन्या एडिटरला ती हातांशी जोडता येत नाहीत. कुटुंबाच्या इमोजीचे आईबाबा आणि मुलं सुटी सुटी दिसतात तेव्हा त्यांच्यामधला न दिसणारा सांधा, म्हणजे ‘झीरो विड्थ जॉइनर’, एडिटरने ओळखलेला नसतो किंवा कोणीतरी काढून टाकलेला असतो. न दिसणारी चिन्हं साफ करणारी एक्सटेन्शन्स म्हणूनच मराठी फाइलवर चालवू नयेत. काही कीबोर्ड ‘दुसर्‍या’मधला र लिहायला हाच सांधा वापरतात. तो गेला की ‘दुसर्या’ होतं आणि सोसायटीच्या नोटिशीत शुद्धलेखनाच्या चुका काढणारे काका गप्प बसत नाहीत.

छपाईचं शेवटी. तुमचा डीटीपीवाला अजून पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर त्याला वरचं काहीच लागू नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, इमोजी तिथे पोहोचणारच नाहीत. त्याच्यासाठी इमोजी काढून टाकलेली वेगळी प्रत करा आणि पणती हवीच असेल तर ती चित्र म्हणून, मोठ्या आकारात, सोबत पाठवा.