बंद पडलेल्या मालवाहू रेल्वेफाट्याचा माग कसा काढावा

1. शोधाची सुरुवात रुळांपासून नव्हे, मालापासून करावी. ग्रामीण भागातील मालवाहू फाटा, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेली रेल्वेची शाखा, बहुधा एखाद्या खाणीसाठी, जंगलासाठी किंवा गिरणीसाठी घातलेला असे. तो माल संपला किंवा ट्रकवर गेला, की फाटाही बंद पडे. इंग्लंडमधील 1825 साली सुरू झालेली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेसुद्धा मुख्यतः कोळशासाठीच बांधली होती. माल कोठून कोठे जाई हे कळले, की फाट्याची दोन्ही टोके हाती लागतात आणि भरलेल्या वाघिणी (मालगाडीचे डबे) शक्यतो उताराने जाव्यात अशी आखणी का केली असेल, हेही उमगते.

2. त्या परिसराचे वेगवेगळ्या काळांतील भूमापन नकाशे उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहावेत. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असल्यामुळे 100 मीटरांत 1 मीटर एवढा चढही जड मालगाडीला जाणवतो. म्हणून शेतांच्या बांधांना न जुमानता जाणारी, सावकाश वळणारी रेघ दिसली, तर ती संशयास्पद समजावी. कालव्याची रेघही अशीच फसवते, परंतु ती भूपृष्ठाच्या समान उंचीला बरीच अधिक चिकटून जाते.

3. जमीनमालकाची परवानगी घेऊन प्रत्यक्ष चालावे. सखल जागी भराव, उंचवट्यात कटिंग (खोदून काढलेली वाट) आणि ओढ्यावर मोरी (पाणी जाण्यासाठीचा लहान पूल) असा क्रम लागतो. रूळ व स्लीपर (रुळांखालच्या आडव्या तुळया) भंगारात गेले, तरी मोरी सहसा जागेवरच राहते, कारण ती काढण्यात कोणाचाच फायदा नसतो. स्लीपर काढून नेल्यावर खडीत कधीकधी आडवे खळगे उरतात. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर, ते शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतात.

4. रूळ शिल्लक असल्यास त्यांच्या आतल्या कडांमधील अंतर मोजावे: 1676 मिमी म्हणजे ब्रॉडगेज, 1435 मिमी म्हणजे स्टँडर्ड, 1000 मिमी म्हणजे मीटरगेज, तर 762 किंवा 610 मिमी म्हणजे नॅरोगेज.

5. मालधक्का शोधावा. वाघिणीच्या तळाच्या उंचीची, एका बाजूने सरळ उभी आणि दुसऱ्या बाजूने गाड्या चढवण्यासाठी उतरती केलेली दगडी भिंत म्हणजे बहुधा तोच.

6. कुंपणाचे खांब तपासण्यास विसरू नये. जुने रूळ तेथे उभे रोवलेले सापडतात. गंज ब्रशने झाडला, की रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव आणि साल उठावदार अक्षरांत वाचता येते. मात्र ते साल फाट्याच्या जन्माचे मानू नये: अशा फाट्यांवर मुख्य मार्गावरून काढलेले जुने रूळ सर्रास वापरले जात.