२०० एमएमला जवळून खरंच २०० मिळतंय का? फोकस ब्रीदिंग घरच्या घरी मोजा

टेली झूम (लांबचं जवळ ओढणारी झूम लेन्स) २०० ला लावलाय, सब्जेक्ट दीड मीटरवर आहे, आणि तरी फ्रेम काही भरत नाही. शेजारचा दुसरी लेन्स लावून तिथूनच, २०० लाच, बराच मोठा फोटो काढतोय. तुमची लेन्स बिघडलेली नाही, हे फोकस ब्रीदिंग, म्हणजे फोकसचं अंतर बदललं की फ्रेममध्ये मावणारा भागही बदलणं. फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत सेव्ह होणाऱ्या माहितीत) २०० च लिहून येणार, त्यावर जाऊ नका.

होतं असं की बहुतेक टेली झूममध्ये फोकस करताना नळी पुढे येत नाही, आतली काचच सरकते. त्यामुळे ऑटोफोकस फास्ट होतो, लेन्सचा तोल बिघडत नाही, पण जवळ फोकस करत गेलं की फोकल लेंथ (लेन्स किती ओढते ते सांगणारा एमएमचा आकडा) आतल्या आत कमी होत जाते. बॅरलवरचा २०० हा आकडा इन्फिनिटीचा, म्हणजे एकदम लांबवर फोकस असतानाचा. दहावीस मीटरवर फरक जाणवत पण नाही, खरा फटका मिनिमम फोकस डिस्टन्सच्या, म्हणजे लेन्स जवळात जवळ जिथे फोकस करू शकते त्या अंतराच्या आसपास.

आता मोजायचं कसं. भिंतीवर मेजर टेप आडवी चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला एकदम सरळ ठेवा, झूम २०० वर, फोकस मॅन्युअल करून रिंग सगळ्यात जवळच्या टोकाला न्या आणि आता रिंगला हात न लावता अख्खा ट्रायपॉड पुढेमागे करून टेप शार्प करा. फोटो काढा आणि फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टेपचे किती सेंटीमीटर आलेत ते वाचा. अंतर मोजताना लेन्सच्या तोंडापासून मोजू नका, कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलातून आरपार गेलेली रेघ असते, सेन्सर तिथे असतो, तिथपासून भिंतीपर्यंत मोजायचं. इथे चुकलात तर पुढचं सगळं गणित गंडलं.

समजा फुलफ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) ३० सेंटीमीटर टेप दिसली आणि अंतर भरलं १.४ मीटर. सेन्सरची रुंदी ३६ मिमी, भागिले ३००, म्हणजे मॅग्निफिकेशन (वस्तू सेन्सरवर मूळ आकाराच्या किती पट उमटते ते) ०.१२. (एपीएस-सी हा लहान सेन्सर असेल तर ३६ ऐवजी साधारण २३.५ धरा, कॅननला २२.३.) आता अंतर गुणिले मॅग्निफिकेशन, १४०० × ०.१२ = १६८, आणि त्याला १.१२ च्या वर्गाने म्हणजे १.२५ ने भागा. आले १३४. म्हणजे २०० म्हणून घेतलेली लेन्स इथे १३४ एमएमसारखी वागतेय! खरी लेन्स अनेक काचांची असते आणि हे सूत्र एका पातळ काचेचं, त्यामुळे उत्तर थोडं इकडेतिकडे होणार, पण अंदाज यायला पुरेसं आहे.

हे आकडे हवेतले नाहीत, निकॉनच्या २००९ च्या ७०-२०० एफ/२.८ व्हीआर टू चे आहेत, ती लेन्स यासाठीच बदनाम झाली. तिच्यानंतरच्या २०१६ च्या एफएल मॉडेलला १.१ मीटरवर ०.२१ मॅग्निफिकेशन मिळतं, कॅननच्या २०१० च्या ७०-२०० एफ/२.८ आयएस टू ला १.२ मीटरवर ०.२१. सोनीची ७०-२०० जीएम टू तर टेलीला ०.८२ मीटरवर ०.३ देते, आणि गंमत म्हणजे तेच सूत्र लावलं तर तिथेही उत्तर दीडशेच्या आतच येतं, पण फुलाचा फोटो काढणाऱ्याला त्याचं काय करायचंय, सब्जेक्ट मोठा येतोय ना. म्हणून माझं म्हणणं, विकत घेताना स्पेसिफिकेशनमध्ये मॅक्सिमम मॅग्निफिकेशन बघा, ब्रीदिंग ब्रीदिंग करत बसू नका.

लेन्स आधीच गळ्यात पडली असेल तर २५ मिमीची एक्सटेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी, काच नसलेली पोकळ कडी) लावा, वरच्या उदाहरणात ०.१२ चं ०.३ च्या आसपास जातं, फक्त ट्यूब असेपर्यंत इन्फिनिटी फोकस विसरा. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सच्या मागे लावायचा, फोकल लेंथ १.४ पट करणारा काचेचा जोड) मिनिमम डिस्टन्स बदलत नाही आणि ०.१२ चं ०.१७ करतो, एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो.

पोर्ट्रेटवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवा की चेहऱ्याचा पर्स्पेक्टिव्ह अंतरावर ठरतो, ब्रीदिंगने नाक मोठं होत नाही. बॅकग्राउंड मात्र कमी ओढलं जातं आणि कमी ब्लर होतं. जास्त ओढलेलं, ब्लर बॅकग्राउंड हवं असेल तर तीनचार मीटर मागे जा, चेहरा लहान येईल तो क्रॉप करा.

फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक शार्प फोटो) करताना प्रत्येक फ्रेमचा साइज किंचित बदलतो, सॉफ्टवेअर जुळवून घेतं पण कडा कापल्या जातात, तर चारी बाजूंनी जागा सोडून कंपोज करा. व्हिडिओत फोकस पुल करताना (शूट चालू असताना फोकस एकावरून दुसऱ्यावर नेताना) फ्रेम झूम झाल्यासारखी हलते ते डोळ्यात खुपतंच. सोनी ए७ फोर आणि नंतरच्या काही बॉडीत ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन आहे, ठराविक लेन्सवरच चालतं आणि थोडा क्रॉप घेतं, म्हणून फ्रेमिंग करायच्या आधीच ऑन करून ठेवा.