आतड्याच्या ऑपरेशनमध्ये कॉटरी, हार्मोनिक, लिगाशुअर: या चुका टाळा

ही तिन्ही रक्त थांबवत कापणारी हत्यारं: कॉटरी विजेने, हार्मोनिक वेगाने थरथरणाऱ्या पात्याने, लिगाशुअर जबड्यात दाबून विजेच्या उष्णतेने. रक्त थांबलं नाही की पहिला दोष मशीनला. बहुतेक वेळा चुकलेली असते ती पकड.

हार्मोनिकचं पातं सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा थरथरतं. मेसेंटरी (आतड्याच्या रक्तवाहिन्या वाहून नेणारा पडदा) ताणून धरली तर सील होण्याआधीच, म्हणजे वाहिनी चिकटून बंद होण्याआधीच, ती तुटते, रक्तवाहिनीचं टोक चरबीत मागे सरकतं आणि भराभर रक्त साकळतं. वाहिनी जाड असेल तर ‘मिन’ (कमी शक्ती) ठेवा, ताण सैल करा, घाई नको. ‘मॅक्स’ (जास्त शक्ती) पातळ पडद्यांसाठी.

आकारही बघा. साधं हार्मोनिक ५ मिमीपर्यंतच, लिगाशुअर ७ मिमीपर्यंत. इन्फीरियर मेसेंटेरिक धमनीला (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची मुख्य रक्तवाहिनी) लिगाशुअर लावायचं तर शेजारी शेजारी, थोडे एकमेकांवर चढणारे दोन सील करून मगच कापा. महाधमनीकडे पकडता येईल एवढा बुंधा राखा. वयस्कर पेशंटच्या वाहिनीत कॅल्शियम साचलेलं असेल तर सीलवर विसंबू नका, क्लिप किंवा टाका घ्या. जबड्यात जुनी क्लिप अडकली तर लिगाशुअर एरर देतं, हार्मोनिकचं पातं मोडू शकतं. जळकट थर साचला की सील कच्चं होतं. ओल्या गॉजने जबडा वरचेवर पुसा. खर्च वाचवायला पुन्हा वापरलेल्या प्रोबवर हे आधी दिसतं.

पायडल सोडलं तरी हार्मोनिकचं पातं तापलेलंच असतं. त्याने लगेच आतडं बाजूला सारू नका. कापताना चालतं पातं आतड्यापासून दूर आणि नजरेसमोर ठेवा. भाजलेला ठिपका टेबलावर साधा वाटतो, भोक काही दिवसांनी पडतं. तोवर पेशंट चंदगड नाहीतर गगनबावड्याला घरी पोचलेला असतो. ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणं दिसलं तर थेट कोल्हापूर गाठा, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहा.

मोनोपोलर कॉटरी अचानक कमी पडू लागली तर वॅट वाढवण्याआधी प्लेट (पेशंटच्या अंगातून वीज परत नेणारा चिकट पॅड) बघा. ती मांडीच्या मांसल भागावर, केस काढून, पूर्ण चिकटलेली हवी; सलाईनने भिजून सुटली असेल तर कडेला पेशंट भाजतो. लॅप्रोस्कोपीत (दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये) दांड्याचं इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारं आवरण, दर वेळी तपासा. बारीक चीर कॅमेऱ्याबाहेर असते, आणि ठिणगी तिथेच आतड्यावर पडते.

अडलेलं, फुगलेलं आतडं कॉटरीने उघडू नका. आत ठिणगीने पेटणारे हायड्रोजन, मिथेन वायू असतात. मॅनिटॉल पाजून पोट साफ केलं असेल तर धोका आणखी. तिथे ब्लेड किंवा कात्री, आणि सक्शन आधीच हाताशी.