चिलीच्या मॉलमध्ये खरेदी: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

वाळूज-शेंद्र्यातून मशीन बसवायला किंवा फळबागांच्या अभ्यासदौऱ्यावर चिलीला निघालात, तर बॅगेत जाड जॅकेट कोंबू नका. थंडीचे कपडे तिथे चांगले मिळतात आणि कुठे काय घ्यायचं हे कळलं तर पैसेही वाचतात. ऋतू आपल्या उलटे असतात: जून ते ऑगस्ट हिवाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. हिवाळी कपड्यांचा सेल, म्हणजे तिथल्या भाषेत ‘लिकिदासिओन’, जुलै-ऑगस्टमध्ये लागतो. तेव्हा जाणार असाल तर इथून एक साधा स्वेटर नेलात तरी पुरे.

आधी किमतीची पाटी वाचायला शिका, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. ‘२९.९९०’ असं लिहिलेलं असतं. तो टिंब दशांशाचा नाही, हजाराचा आहे; म्हणजे एकोणतीस हजार नऊशे नव्वद पेसो. अलीकडे साधारण दहा-अकरा पेसोंना एक रुपया पडतो, म्हणून मनातल्या मनात एक शून्य उडवलं की अंदाज येतो. पाटीवरच्या भावात १९ टक्के विक्रीकर धरलेलाच असतो, काउंटरवर वेगळा लागत नाही. परदेशी पाहुण्याला विमानतळावर तो परत मिळेल, या भरवशावर मात्र खरेदी करू नका. दुकानातल्या मालावर तशी सोय नाही.

फालाबेला, रिप्ले, पारिस या मोठ्या दुकानांत एकाच वस्तूवर दोन-तीन भाव छापलेले दिसतात. सगळ्यात ठळक आणि सगळ्यात कमी भाव बहुतेक वेळा त्या दुकानाच्या स्वतःच्या कार्डवाल्यांसाठी असतो. ते कार्ड प्रवाशाला मिळत नाही. ठळक आकड्याशेजारी कार्डाचं चित्र असेल तर त्याच्याखाली छापलेला भाव आपला समजा. गुलमंडीसारखी घासाघीस इथे चालत नाही.

काउंटरवर तीन प्रश्न येतात. ओळख क्रमांक विचारला (तिथे त्याला ‘रुत’ म्हणतात) तर “नो तेंगो” म्हणा, पुढे जातात. मग “देबितो ओ क्रेदितो?” म्हणजे डेबिट की क्रेडिट. मग हप्ते हवेत का, त्यावर “सिन कुओतास”, म्हणजे हप्ते नकोत. मशीनने पेसो की डॉलर असं विचारलं तर पेसोच निवडा. डॉलर निवडले की मशीनवाला स्वतःचा दर लावतो आणि तो महाग पडतो. यूपीआयवर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेली दोन कार्डं न्या, दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. सोबत थोडे अमेरिकी डॉलर असू द्या, रुपये तिथे बदलायला जाऊ नका. रोख दिलीत तर शेवटचा आकडा दहाच्या पटीत बसवतात: ५ पर्यंत खाली, ६ पासून वर. एक आणि पाच पेसोंची नाणी २०१७ पासून दिली जात नाहीत, त्यामुळे सुट्ट्यांवरून वाद घालू नका. प्लास्टिकची पिशवी कायद्यानेच बंद आहे; घडीची कापडी पिशवी खिशात ठेवा.

आता प्रांतांकडे. चिली उत्तर-दक्षिण सुमारे ४,३०० किलोमीटर पसरलाय, १६ प्रांत आहेत, आणि प्रत्येक ठिकाणच्या मॉलचा उपयोग वेगळा.

उत्तरेला तारापाका प्रांतात इकिके आहे. तिथला सोफ्री मॉल १९७५ पासूनच्या करमुक्त क्षेत्राचा भाग. अत्तर, इलेक्ट्रॉनिक वस्तू, खेळणी इथे घ्यावीत. पण बिल, म्हणजे ‘बोलेता’, जपून ठेवा: प्रांताबाहेर पडताना सीमाशुल्कवाले सामान बघतात आणि करमुक्त माल ठरावीक किमतीपर्यंतच नेता येतो. वस्तूवरचे व्होल्ट वाचा. चिलीत २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे जवळपास आपल्यासारखंच. पण तीन गोल पिना एका ओळीत असतात. मोबाइलचा दोन बारीक पिनांचा चार्जर बसतो, लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही. अडॅप्टर घरूनच न्या. आणि दुकानातच वस्तू सुरू करून दाखवायला सांगा. नव्या वस्तूत दोष निघाला तर सहा महिन्यांत दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत मागता येतात. मात्र आपण जालन्यात पोहोचल्यावर त्या हक्काचा उपयोग नाही.

अन्तोफगास्ता तांब्याच्या खाणींचं शहर. साइटवर लागणारे सेफ्टी शूज, हातमोजे सोदिमाक या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात बघा. बुटांचे नंबर युरोपी, ४१-४२ असे. दिवसा ऊन कडक लागतं, पण वाळवंटात आत गेलं की रात्री कडाक्याची थंडी पडते. टोपी आणि जाकीट दोन्ही लागतात.

राजधानी सँटियागोत कॉस्तानेरा सेंटर हा मॉल सोयीचा, तोबालाबा मेट्रो स्थानकापासून चालत. ३०० मीटर उंचीचा मनोरा त्यालाच लागून आहे. १९८२ चा पार्के अराउको मॉल मोकळा, पण महाग. खाण्याच्या मजल्यावर खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवू नका, ती मांडीवर घ्या.

शाकाहारी लोकांनी नुसतं “सिन कार्ने” (मांस नको) म्हणून थांबू नये. कोंबडी आणि हॅम बऱ्याच जणांच्या लेखी ‘कार्ने’त येत नाहीत. “सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो”, म्हणजे मांस, कोंबडी, हॅम, मासे काहीच नको, असं पूर्ण म्हणा. चीजची एम्पानादा (करंजीसारखा भरलेला पदार्थ) किंवा अवोकाडो लावलेला पाव खाऊन पोट भरतं. घरून चटणी, तीळ, शेंगदाणे नेलेत तर विमानतळावरच्या अर्जात जाहीर करा. लपवलेलं सापडलं की दंड होतो.

दक्षिणेत पाऊस. पुएर्तो मोंतच्या मॉलमध्ये रेनकोट घ्या, लोकरीचं मात्र अँगेल्मोच्या बाजारात. चिलोए बेटावर कास्त्रोचा मॉल लाकडी घरांच्या वर अवजड उभा आहे आणि त्या गावाचा चेहरा त्याने बिघडवला, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे हातविणीचे मोजे-स्वेटर बायकांच्या हातूनच घ्यावेत. अगदी टोकाला पुंता अरेनास: तिथेही करमुक्त क्षेत्र आहे, पातागोनियात, म्हणजे दक्षिण टोकाच्या प्रदेशात, फिरायचं असेल तर वारा अडवणारं जाकीट तिथे घ्या.

१ जानेवारी, १ मे, १८-१९ सप्टेंबर, २५ डिसेंबर आणि मतदानाच्या दिवशी मॉल बंद असतात. सप्टेंबरात जाणाऱ्यांनी १७ तारखेलाच सामान भरून ठेवावं.