मोडलेल्या रानवाटेवर सायकल चालवताय? या चुका टाळा

दोन वर्षं त्या वाटेकडे फिरकलो नव्हतो. तरी उतारावर सायकल सोडली तेव्हा हातांना सगळं पाठ होतं. आधी डावीकडचं लांब वळण, मग जोडीची दोन मुळं, मग उजवीकडे एकदम खाली. मुळांपर्यंत सगळं जसंच्या तसं निघालं. पुढच्या वळणावर मात्र कमरेएवढं गवत माजलं होतं आणि त्या गवतात एक ओंडका आडवा पडलेला होता. सायकल ओंडक्यापाशी थांबली. मी नाही थांबलो.

खांदा तीन आठवडे धरला होता. पडून राहिल्यावर विचार करायला वेळ मिळतो, आणि तेव्हा लक्षात आलं की मी त्या दिवशी दोन वर्षांपूर्वीची वाट चालवत होतो. मोडलेल्या वाटेवरच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आठवणीच्या वेगाने जाणं

थोडा हिशेब करू. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर काही दिसून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर साडेपाच मीटर तिथेच संपले. त्यापुढे पाचोळ्यावर थांबायला आणखी चार-एक मीटर लागतात. म्हणजे दहा मीटर मोकळं दिसत असेल तरच हा वेग परवडतो. झाडोरा माजलेल्या वळणावर चार मीटर दिसले तरी पुष्कळ, आणि तिथे ताशी दहा किलोमीटरच्या पुढे वेग नेणं म्हणजे नशिबावर हवाला. बोटं आधीपासून ब्रेकवर ठेवलीत तर थोडं अंतर वाचतं. तेवढं करायलाच हवं.

माझा नेम आता असा आहे: बरेच दिवस न चालवलेली वाट आधी खालून वर जायची. चढताना वेग आपोआप कमी असतो, नजर जमिनीजवळ असते आणि दमून थांबलात तरी कारण तयार असतं. वरून कोणी येत नाही ना, एवढं कान देऊन ऐकायचं. या फेरीत ओंडके, खचलेले काठ, मानेच्या उंचीवर लोंबणाऱ्या वेली आणि जुन्या कुंपणाच्या पडलेल्या तारा हेरून ठेवायच्या. तारांना तर खास जपा. गंजलेली तार पाचोळ्यात दिसतच नाही. कोणी कधीकाळी बांधलेला लाकडी पूल असेल तर उतरून त्याच्या फळ्यांवर टाच दाबून बघा. वरून धडधाकट दिसणारी फळी खालून भुसा झालेली असते. जुन्या उडीचा चढ शाबूत असतो, पण जिथे उतरायचं तिथे मनगटाएवढं झाड उगवलेलं असतं. चढ पाहून उडी मारू नका.

हँडल किती रुंद आहे हे विसरणं

आजच्या माउंटन बाइकचं हँडल बहुधा ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद असतं. जुन्या वाटा याहून आखूड हँडलांच्या काळात पडलेल्या, त्यात काठावरची रोपटी दर वर्षी थोडी आत सरकतात. उजवं टोक खोडाला लागलं की हँडल उजवीकडे फिरतं, म्हणजे पुढचं चाक झाडाकडेच वळतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. अरुंद फटीत वेग कमी करून नजर फटीच्या पलीकडे ठेवायची. झाडाकडे बघितलं की सायकल झाडाकडेच जाते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे बघतात. अगदीच अडचण असेल तर हँडल किंचित तिरकं करून आधी एक टोक, मग दुसरं, असं काढा.

हँडलच्या टोकांची बुचं शाबूत आहेत का, हेही बघा. फांद्यांनी ती निघून पडतात आणि उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसली तर जखम खोल होते. वेलीत अडकून पडण्याची शक्यता असलेल्या वाटेवर बुचाशिवाय मी जात नाही.

काटकीचा आवाज आला तरी पेडल मारत राहणं

मोडलेल्या वाटेवर सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अंगठ्याएवढी काटकी मागच्या चाकात जाते, आऱ्यांबरोबर फिरते आणि डिरेलरला, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या यंत्राला, घेऊन वर चढते. ‘टक’ असा आवाज आला की आपण सवयीने आणखी एक पेडल मारतो, आणि त्या एका पेडलात हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. आवाज येताच पाय थांबवा आणि मागचा ब्रेकही दाबा. पाय थांबले तरी चाक फिरत असतं, काटकीला तेवढंही पुरतं.

काटकी काढल्यावर सायकलच्या मागे उकिडवं बसून डिरेलरकडे बघा. डिरेलरची दोन्ही लहान चाकं वरच्या दात्याच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकतीच्या, रेषेत, सरळ खाली यायला हवीत. खालचं चाक आत, आऱ्यांकडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकला आहे. अशा वेळी सगळ्यात मोठ्या दात्यावर चेन टाकायची नाही. चढ आला, सवयीने बोट दाबलं आणि डिरेलर थेट आऱ्यांत, असं मी दुसऱ्याचं होताना पाहिलंय. मधल्या दात्यांवरच घर गाठा, चढ असेल तर ढकलत न्या.

हँगर मुद्दामच मऊ ॲल्युमिनियमचा करतात, फ्रेम वाचावी म्हणून. हाताने हळूच सरळ करून घरापर्यंत येता येतं, पण तोच पुन्हा पुन्हा वाकवला तर तुटणारच. तेव्हा एक सुटा हँगर पिशवीत हवा. पूर्वी जवळजवळ दर फ्रेमचा हँगर वेगळा असायचा. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने एकाच मापाचा हँगर आणला आणि नंतर अनेक कंपन्यांनी तो स्वीकारला, तरी आपल्या फ्रेमला कोणता बसतो हे घरीच तपासा, रानात नाही.

हँगर तुटलाच आणि सुटा नसेल तर चेन तोडून आखूड करायची आणि एकाच गिअरवर यायचं. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीवर हे बऱ्यापैकी जमतं. मागे सस्पेन्शन असेल तर सायकल दबताना चेनची लांबी बदलते, म्हणून चेन फार ताणून बसवू नका आणि सावकाश या.

काटकीखेरीज गवताचाही त्रास असतो. ओलं लांब गवत दात्यांमध्ये गुंडाळलं जातं, मग चेन उड्या मारते आणि आपण गिअरची तार फिरवत बसतो. तारेला हात लावू नका. आधी दात्यांमधलं गवत एखाद्या टोकदार किल्लीने उपसून काढा. निम्म्या वेळा गिअर तिथेच ताळ्यावर येतात.

काटा न शोधताच नवी ट्यूब घालणं

पंक्चर झालं, ट्यूब बदलली, दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली. काटा टायरमध्येच राहिला होता. जुन्या ट्यूबवर भोक कुठे आहे ते बघून टायरमध्ये त्याच जागी शोधा आणि मग आतून सगळीकडे बोटं फिरवा. उघडी बोटं नकोत, फडकं गुंडाळून. फडकं जिथे अडकेल तिथे काटा.

ट्यूबलेसवाल्यांनी हसू नये. तुमच्या बिनट्यूबच्या टायरमध्ये मोडलेले कितीतरी काटे सीलंटच्या, म्हणजे आतल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाच्या, भरवशावर शांत बसलेले असतात. एके दिवशी भोक मोठं पडतं, सीलंट भागत नाही, तुम्ही ट्यूब घालता आणि ते सगळे काटे एकदम जागे होतात. सीलंटही कायमचं नसतं. दर दोन-तीन महिन्यांनी चाक कानाजवळ हलवून बघा, आतून पाण्यासारखा आवाज आला नाही तर ते सुकलंय. २९ इंची रुंद टायरला साधारण १०० मिली लागतं. काटा दिसला आणि हवा जात नसेल तर घरापर्यंत तो उपटू नका. जात असेल तर उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि सीलंटला तिथे पोचायला मिनिटभर वेळ द्या.

पकड मिळावी म्हणून हवा फार कमी करायचा मोहही आवरा. पाचोळ्याखालचा दगड दिसत नाही आणि रिम त्याच्यावर आपटते. माहितीच्या वाटेवर जेवढी हवा ठेवता त्याहून मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा.

पाचोळ्यावर वळताना ब्रेक

ओला पाचोळा म्हणजे एकावर एक सरकणाऱ्या चकत्या. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावून घ्या. वळणात चाकं नुसती फिरू द्या. ओल्या मुळाला काटकोनात भिडा आणि मुळावर असताना ब्रेक सोडा. तिरकं ओलं मूळ पुढचं चाक अलगद बाजूला नेतं, सावरायला वेळच देत नाही. ओंडका चाकाच्या आसापेक्षा उंच असेल तर उतरा, सायकल उचला. यात कमीपणा नाही, आणि पुढच्या दात्यांचे पैसे वाचतात.

करवत घेऊन उत्साहाने सुटणं

वाट साफ करणं मला चालवण्याइतकंच आवडतं, आणि याच कामात मी सगळ्यात जास्त चुका केल्या आहेत. पहिली गोष्ट, जमीन कोणाची हे शोधा आणि विचारा. ‘कोणी येतच नाही इकडे’ ही परवानगी होत नाही. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत दाट झुडपांना हात लावू नका.

परवानगी मिळाली की लोक पहिल्यांदा काय करतात? रोपटी गुडघ्याच्या उंचीवर तिरकी छाटतात. झाला तयार भाला, वरून पुढच्या महिन्यात गवताने झाकलेला. छाटायचं तर जमिनीलगत, सपाट. फांदी अर्ध्यात तोडू नका. खोडापाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या लगेच बाहेर तोडा, कड्याला धक्का नको, म्हणजे झाडाची जखम नीट भरते. फांदी जाड असेल तर आधी खालून थोडी खाच घ्या, नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलत जाते.

दोन गोष्टींना हातच लावू नका. एक, धनुष्यासारखं वाकून दबलेलं खोड. करवत लागताच ते उसळून येतं. दुसरी, वरती अडकून लोंबणारी मोठी फांदी. ही माहितगारांची कामं.

वेळ तासाभराचा असेल तर वाटभर थोडं-थोडं छाटत बसू नका. वळणांच्या आतल्या बाजूचा झाडोरा डोळ्यांच्या उंचीपर्यंत आधी काढा, कारण पुढचं दिसणं तिथेच अडतं. मग चेहऱ्याच्या उंचीवरचे काटे. गवताचा नंबर शेवटी. आणि सगळंच मोकळं करू नका. दोन झाडांमधली अरुंद फट लोकांचा वेग आवरते, ती काढलीत तर पुढच्या वळणावर कोणीतरी भरधाव येईल. छाटलेला पाला वाटेच्या उताराकडच्या बाजूला, जाड बुंधे वाटेपासून लांब करून टाका. पाण्याच्या चरात अजिबात नाही.

हे पाणीच वाटेचा खरा शत्रू. बाहेरच्या काठावर माती आणि पाचोळ्याचा बांध साचतो, पाणी बाहेर पडत नाही आणि वाटेवरूनच धावत सुटतं. वर्षभरात पायवाटेचा ओहोळ होतो. म्हणून करवतीच्या आधी कुदळ. काठाचा बांध जागोजागी फोडून पाण्याला बाहेरची वाट द्या. वाट बांधणाऱ्यांमध्ये एक साधा नियम चालतो, १९८८ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनही तो शिकवते: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगराला २० टक्के उतार असेल तर वाटेला १० टक्क्यांपर्यंत. सरळ खाली उतरणाऱ्या कित्येक जुन्या वाटा यात बसत नाहीत. त्या साफ केल्या की उघडी माती पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. माझं स्पष्ट मत आहे, अशा वाटा मोडलेल्याच बऱ्या, रानाने त्या परत घेतल्यात तर घेऊ द्या.

डबकं आलं तर मधूनच जा, खोल वाटलं तर उतरून चालत. प्रत्येकाने वळसा घातला की एका वाटेच्या तीन होतात. आणि टायर मातीत खोलवर चर पाडत चालला असेल तर तो दिवस त्या वाटेचा नाही, परत फिरा.

जुन्या नकाशावर भिस्त

मोबाइलमधली जुनी रेघ एवढंच सांगते की तेव्हा कोणीतरी इथून गेलं होतं. शिवाय दाट झाडीखाली जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे सरकतं, आणि दाट झुडपात तेवढ्याने वाट चुकते. वाट हरवली तर तसंच पुढे रेटू नका. जिथपर्यंत नक्की खात्री होती तिथे सायकल खोडाला टेकवून उभी करा, खूण म्हणून, आणि ती दिसेनाशी होणार नाही इतक्याच अंतरावर चालत पुढचा माग शोधा. सायकल घेऊन शोधायला गेलात तर परतीची खूणही सोबतच हिंडते.

निघताना कोणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. रानात अंधार बाहेरच्या आधी पडतो, त्यामुळे गडद चष्मा नको, साधी पारदर्शक काच ठेवा. फांद्यांपासून डोळे तरी वाचतील. सोबत कोणी असेल तर अंतर ठेवून चला. पुढच्याने वाकवलेली फांदी मागच्याच्या तोंडावर येते.

घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड शोधा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं असले उद्योग नकोत. मग सायकल धुवा, टायरच्या खाचांतलं बी-बियाणं आणि चिखल इथेच निघू द्या, नाहीतर या रानातलं तण पुढच्या रविवारी दुसऱ्या रानात पेरून याल. धुऊन झाली की मागे बसून डिरेलरची रेष पुन्हा एकदा बघा. वाटेवर न जाणवलेला वाकडा हँगर बहुतेक वेळा नळाखालीच दिसतो.