फ्लू अंगावर काढू नका: धोका कुणाला जास्त आणि तो घरी कसा ओळखायचा

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा नायडू हॉस्पिटलबाहेर तोंडाला रुमाल बांधून लाईनीत उभं राहिलेल्यांपैकी मी एक. देशातला पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये आमच्याच शहरात झाला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती, मग शाळा बंद, थिएटरं बंद, सगळे घाबरलेले. आता तोच एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, दर पावसाळ्यात आणि थंडीत येऊन जातो आणि आपण म्हणतो, व्हायरल आहे, होईल बरं. बहुतेकांचं होतंच. माझ्या काकांचं झालं नाही. वय ५८, शुगर १५ वर्षांची, चार दिवस ताप अंगावर काढला, क्रोसिन घेऊन दुकानात बसले, मधे एक दिवस ताप उतरला म्हणून काकूही निवांत झाली, आणि पाचव्या दिवशी दोन जिने चढताना मधेच खाली बसले. फुफ्फुसं तोवर भरली होती. व्हेंटिलेटर लावला पण काका गेले.

म्हणून सांगते, ताप आला की पहिल्याच दिवशी आधी हे बघा की तो आलाय कुणाला. ६५ च्या पुढचे आजीआजोबा, ५ वर्षांखालची आणि त्यातही २ वर्षांखालची मुलं, गरोदर बाई (शेवटचे महिने जास्त जपायचे, आणि बाळंतपणानंतरचे दोन आठवडेही), शुगर, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, खूप जास्त वजन, केमो चालू असलेले किंवा किडनी बदललेले. यातलं कुणी असेल तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. कारण ऑसेल्टामिविर म्हणजे टॅमीफ्लूच्या गोळीचा खरा उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत असतो, आणि अशा पेशंटला डॉक्टर स्वॅबच्या रिपोर्टची वाट न बघता ती सुरू करतात. गरोदर बायकाही घाबरून गोळी टाळतात, टाळू नका, डॉक्टरांनी दिली तर पूर्ण ५ दिवस घ्या. उशीर झाला म्हणून जायचंच नाही असंही करू नका, जास्त आजारी माणसाला ती ४८ तासांनंतरही देतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, २००९ मध्ये धडधाकट तरुण पण गेले, त्यामुळे आजार काही नाही म्हणून बिनधास्त राहायचं नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात डोळ्यांत तेल घालून बघायचं. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच चौकोनात सकाळ-संध्याकाळ ताप, ऑक्सिजन आणि श्वास लिहा. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढलेलं हवं, बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली आला तर हॉस्पिटल. जुना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन कायमची धाप लागण्याचा फुफ्फुसांचा आजार) असेल तर त्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, तो डॉक्टरांना विचारून ठेवा.

श्वास मोजायला मशीन लागत नाही. पेशंट झोपलेला किंवा शांत असताना पोटावरची चादर वरखाली होते ती पूर्ण एक मिनिट मोजायची, आणि त्याला सांगायचं नाही, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचे ३० झाले तर ते खूप आहेत, लगेच निघा. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, तरीही तेच. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडा मोजत बसूच नका.

बाकी धोक्याच्या खुणा: छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळी, बीपी पडणं, बाळाने दूध सोडणं, आणि म्हाताऱ्या माणसांचं असंबद्ध बोलणं किंवा नुसतं झोपून राहणं. म्हाताऱ्यांना कधीकधी ताप फारसा येतच नाही, गुंगीच येते, आणि घरचे म्हणतात थकलेत, झोपू दे. आणि ताप उतरून परत चढला, खोकला वाढला, तर वरून बॅक्टेरियाचा न्यूमोनिया झालेला असू शकतो, काकांच्या त्या एका बऱ्या दिवसाने आम्हाला तिथेच फसवलं.

मेडिकलमधून सुट्ट्या गोळ्यांची पुडी आणू नका, त्यात स्टिरॉइड असलं तर फ्लू आणखी बिघडू शकतो, शुगर पण चढते. मुलांना ॲस्पिरिन अजिबात नाही. लस दरवर्षी घ्यायची, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्या.

हॉस्पिटलला निघताना कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाका, आणि दारात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: ताप कितवा दिवस, शुगर आहे का, ऑक्सिजन किती.